चहाच्या सुट्टीतलं मोजमाप

कंपनीच्या सीएसआर अहवालातल्या एका आकड्यावर माझा विश्वास बसेना आणि तो आकडा खोटाही ठरेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमची कंपनी दारांच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवते. पदार्थविज्ञान शिकून मी तिथे लागले तेव्हा मला वाटलं होतं की लोखंडाशी काहीतरी संबंध येईल. संबंध आला तो कागदाशी. कंपनी समाजासाठी काय करते आणि ते नीट चालतं का, हे दरवर्षी छापून जाहीर करावं लागतं. तो अहवाल तयार करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या आधी ते करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. जाताना एवढंच म्हणाला, यात स्वतःचं डोकं घालू नकोस, सिस्टीम सगळं विचारते, आपण फक्त उत्तरं गोळा करायची.

सिस्टीम खरंच सगळं विचारायची. अहवालातल्या प्रत्येक आकड्याला मर्यादा ठरवलेली होती, तो कसा मोजायचा याची पद्धत लिहिलेली होती, आणि प्रत्येकाला एक ‘मालक’ होता. मालक म्हणजे त्या आकड्याखाली सही करणारा. आकडा मर्यादेत असला की पडद्यावरचा चौकोन हिरवा, नसला की लाल. ही व्यवस्था कंट्रोल मॅडमनी उभी केली होती. कंपनीत कोण काय करतं आणि ठरल्याप्रमाणे करतं का, हे त्यांचा विभाग बघायचा. लोक त्यांना टरकून असत, पण मॅडमनी कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्या फक्त विचारायच्या, “हे कुठे लिहिलंय?” आणि समोरचा घामाघूम.

समाजकार्याच्या पानावर सगळ्यात वर होती बालवाडी. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक जुनं गोदाम होतं. कंपनीने ते रंगवून, खिडक्या पाडून पॅकिंगमधल्या बायकांच्या मुलांसाठी दिलं होतं. ती बालवाडी चालवते माझी वहिनी. माझी नोकरी तिच्या ओळखीने लागली असं ती म्हणते, माझ्या मार्कांमुळे लागली असं मी म्हणते, आणि दादा म्हणतो, तुमचं ठरलं की मला उठवा.

बालवाडीच्या नावापुढे आकड्यांची रांग होती. मुलांची हजेरी, पिण्याचं पाणी, खिडक्यांतून येणारा उजेड, आणि आवाज. आवाजाचा चौकोन हिरवागार होता. आकडा इतका कमी की वाचनालयात बसल्यासारखं वाटावं.

नेमकी त्याच आठवड्यात मी वहिनीला घराच्या किल्ल्या द्यायला बालवाडीत गेले होते. भिंतीच्या पलीकडे प्रेस शॉप आहे. पत्र्यातून बिजागऱ्या कापणारी मोठी यंत्रं तिथे दिवसभर आदळत असतात. वहिनी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, मी ओरडत होते आणि तिला काही कळत नव्हतं. शेवटी मी किल्ल्या तिच्या डोळ्यांसमोर हलवल्या. मुलं मात्र निवांत होती. एक मुलगा दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन किंचाळला, दुसऱ्याने शहाण्यासारखी मान डोलावली आणि आपला चेंडू देऊन टाकला.

त्यामुळे तो हिरवा चौकोन पाहून मी गोंधळले. विज्ञान शिकलेल्याला एक खोड असते, तो आधी यंत्रावर संशय घेतो, कारण यंत्राला राग येत नाही. मी साउंड मीटरचे कागद काढून पाहिले. मीटर नुकताच तपासून आणलेला होता, ठणठणीत होता. मग उरला मोजणारा.

मोजणारे होते सेफ्टी ऑफिसर, सगळ्यांचे टोपीकाका. पिवळं हेल्मेट त्यांच्या डोक्यावरून कधी उतरत नसे. लग्नाच्या फोटोतही ते असणार, अशी कॅन्टीनमध्ये पैज लागलेली होती. मी आडून आडून विचारलं तर ते दुखावले. मी काय घरात बसून आकडे लिहितो का, असं म्हणाले, आणि पुढच्या मोजणीला मला बरोबर यायचं फर्मान सोडलं.

आम्ही प्रेस शॉपच्या दाराशी थांबलो. चहाचा भोंगा झाला. यंत्रं एकेक करत थांबली, माणसं पेले घेऊन बाहेर पडली, आणि टोपीकाका मला घेऊन पिवळ्या पट्ट्यांमधल्या वाटेने झपाझप निघाले. शॉपच्या टोकाला एक लोखंडी दार होतं, त्यातून आम्ही थेट बालवाडीच्या अंगणात उतरलो.

तिथे शांतता होती. खरीखुरी. वहिनी मधोमध बसली होती, मुलं तिला खेटून, आणि ती इतक्या हळू गोष्ट सांगत होती की कुणीतरी पाय घासला तर एक वाक्य बुडालं असतं. टोपीकाकांनी मुलाच्या बसलेल्या उंचीवर मीटर धरला, ठरलेला वेळ थांबले आणि आकडा मला दाखवला. अहवालातलाच आकडा. मला माझ्याच कानांची शंका आली. किल्ल्या दिल्या त्या दिवशी मी नक्की कुठे गेले होते?

“चल, पाय उचल,” टोपीकाका म्हणाले. “सुट्टी संपेल.”

आम्ही परत धावलो. शॉपचं अलीकडचं दार मागे लागलं न लागलं तोच भोंगा झाला आणि पहिलं यंत्र आदळलं. तो दणका मला आधी तळपायांत कळला आणि मग डोक्यात.

मी काकांना विचारलं, मोजायला नेहमी चहाच्या सुट्टीतच जाता का? ते म्हणाले, मग कधी जाणार? यंत्रं चालू असताना कामगाराखेरीज कुणी त्या वाटेवर पाऊल ठेवायचं नाही, हा नियम आहे. एकाचा हात जायबंदी झाल्यावर त्यांनीच तो लिहिला होता आणि तेव्हापासून तिथे कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. रस्त्याने वळसा घालून का जात नाही? कारण मीटर फाटकाबाहेर न्यायचा तर गेट पास लागतो, आणि गेट पासवर वस्तू बाहेर न्यायची दोनच कारणं छापलेली आहेत, विक्री आणि दुरुस्ती. मोजणी हे कारणच नाही.

मी म्हटलं, पण काका, मग आपण फक्त यंत्रं बंद असतानाचाच आवाज मोजतोय.

त्यांनी हेल्मेट मागे सारलं. मला वाटलं त्यांना धक्का बसला. पण ते शांतपणे म्हणाले, “बाळा, नियम मोडून मोजलं तर ते मोजमाप धरणार कोण?”

कुणी फसवलेलं नव्हतं. मीटर बरोबर, माणूस सरळ, दोन्ही नियम शहाणे, आणि आकडा मात्र अशा बालवाडीचा जी दिवसातून एकदा, चहा गार होईपर्यंतच अस्तित्वात असते.

संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी शोध लावल्याच्या थाटात सगळं सांगितलं. तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

“तुला हे आत्ता कळलं?” ती म्हणाली. “म्हणून तर मी गोष्ट त्या वेळेला ठेवते. बाकी दिवसभर टाळ्या, उड्या, चित्रं आणि खुणा.”

मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाहीस? तर तिने पहिल्याच वर्षी लेखी दिलं होतं. त्यावर टोपीकाका येऊन मोजून गेले आणि आवाज मर्यादेत असल्याचं उत्तर आलं. त्यानंतर एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांना कारखाना दाखवून चहाच्या वेळी इकडे आणायची पद्धत आहे, तेव्हा त्यांनीही गोष्टच ऐकली. किती शांत वातावरण आहे, असं म्हणून गेले.

“मी दुसरी मोजणी करते,” मी म्हटलं. “यंत्रं चालू असताना.”

आता तिचे हात थांबले. “पुढचा नियम वाचलायस?”

वाचला होता. कंपनीने समाजाला दिलेल्या जागेत कुठलाही आकडा मर्यादेबाहेर गेला तर त्याचं कारण दूर होईपर्यंत जागा रिकामी करावी. मोठ्या अक्षरांत, अहवालाच्या पहिल्याच पानावर. वाचताना मला तो चांगला वाटला होता.

“कारण म्हणजे प्रेस,” वहिनी म्हणाली. “प्रेस थांबवतील? बिजागऱ्या विकून कंपनी चालते, माझ्या टाळ्यांवर नाही. मग रिकामं कोण होणार? आणि त्या पॅकिंगमधल्या बायका पोरं काखोटीला मारून खोकी बांधणार का?”

“पण मुलांच्या कानांचं काय?”

तिने घातलेली घडी उलगडून परत घातली. “ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?”

मलाही माहीत नव्हतं. आवाज किती, रोज किती वेळ, किती वर्षं, यावर ते ठरतं, एवढं मी वाचलेलं होतं. आणि त्यातला पहिला ‘किती’सुद्धा अजून कुणी मोजला नव्हता. मी म्हटलं, मोजल्याशिवाय कसं कळणार?

“मोजल्यावर शाळाच राहणार नाही. एवढं शिरतंय का वन्सं, तुमच्या विज्ञानात?”

घरात मी किडोबा. सारखं का, कसं, कशावरून विचारत असते म्हणून वहिनीनेच ठेवलेलं नाव. ती वन्सं आणि तुम्ही म्हणाली की समजायचं, आता काही खरं नाही. दादा दारातून डोकावला, दोघींचे चेहरे पाहिले आणि आल्या पावली परत फिरला.

दोन दिवस मी कंट्रोल मॅडमकडे गेले नाही. न मोजणं हाही एक निर्णय आहे आणि तो मी रोज घेत होते, असं वाटत राहिलं. मग गेले. माझा अंदाज होता की त्या उडवून लावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पद्धतीचं पान उघडलं आणि बोट फिरवत वाचलं. जागेच्या मध्यभागी, मुलाच्या बसलेल्या उंचीवर, मुलं हजर असताना.

“यंत्रं चालू असताना, असं कुठे लिहिलंय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. त्या म्हणाल्या की कोणीही, कधीही मोजलं तरी तोच आकडा यावा, हेच चांगल्या नियंत्रणाचं लक्षण. आणि इथे दरवर्षी तोच आकडा येतो. हे प्रयोगशाळेत मलाही असंच शिकवलं होतं. मी म्हटलं, मॅडम, तोच आकडा येतोय कारण तोच क्षण मोजतोय. त्यांनी पद्धतीचं पान मिटलं. मग ड्रॉवरमधून गेट पास काढला आणि कारणाच्या जागी ‘दुरुस्ती’वर खूण केली.

“काय दुरुस्त करायचंय असं विचारलं तर?” मी म्हटलं.

“कोणी विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. “छापलेलं कारण आहे.”

टोपीकाका आणि मी रस्त्याने वळसा घालून गेलो. वहिनीने आम्हाला आत घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मीटरने जो आकडा दाखवला तो पाहून टोपीकाकांनी मीटर झटकला, पुन्हा धरला. आकडा मर्यादेच्या चांगलाच वर होता. एका मुलीने कुतूहलाने मीटरला कान लावला.

मी तो आकडा सिस्टीममध्ये भरला, वेळेसकट. दोन गोष्टी झाल्या. चौकोन लाल झाला. आणि नवी नोंद मी केली म्हणून आवाजाच्या आकड्याची मालक आता मी झाले.

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी आम्हा चौघांना बोलावलं. वहिनीही आली, मुलं पॅकिंगच्या मुकादमबाईंवर सोपवून. साहेब मनाने चांगले. बालवाडीच्या भिंतींचे रंग त्यांनी स्वतः निवडले होते. ते गोंधळून पुन्हा पुन्हा म्हणत होते की मी स्वतः तिथे बसलोय, सुई पडली तरी ऐकू आली असती. मग वहिनीकडे वळून त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही खरं सांगा. आवाजाचा त्रास होतो का?”

वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हो म्हटलं तर जागा जाते आणि नाही म्हटलं तर खोटं होतं, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच कळत होतं.

“सवय आहे,” ती म्हणाली.

साहेबांनी हे हो समजलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पद्धतीचं पान पुढे वाचलं. एकापेक्षा जास्त नोंदी असतील तर सरासरी घ्यावी. त्यांनी जुना आकडा आणि नवा आकडा मिळवून भागिले दोन केलं. उत्तर मर्यादेच्या केसभर खाली आलं.

“हिरवा,” टोपीकाका म्हणाले आणि खोलीत सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. साहेब हसले. वहिनीने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. मॅडमनी पडदा माझ्याकडे फिरवला. मालकाची सही तेवढी बाकी होती.

मी म्हटलं, “अशी सरासरी निघत नाही.”

मग मी समजवायला लागले आणि नेहमीसारखी वाहवत गेले. डेसिबल हे काही किलो नव्हेत. थोडे डेसिबल वाढले तरी आवाज कितीतरी पटींनी वाढतो, त्यामुळे मोठ्या आणि लहान आवाजाची खरी सरासरी काढली तर लहान जवळजवळ नसल्यातच जमा होतो. शिवाय चहाची सुट्टी म्हणजे अर्धा दिवस नव्हे. साहेब सौजन्याने ऐकत होते. टोपीकाका हेल्मेटची पट्टी चाचपत होते.

“हे कुठे लिहिलंय?” मॅडमनी विचारलं. त्यात कुत्सितपणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“माझ्या कॉलेजच्या पुस्तकात.”

“आपल्या पद्धतीत?”

“नाही.”

मग मी वहिनीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले नाहीत, पण भर बालवाडीत मुलांना करते तशी खूण तिने केली. तळहात खाली, हळूच. बस. गप्प बस.

मी उद्यापर्यंतचा वेळ मागितला. कंपनीत पुढे लोक म्हणायला लागले की तिने सही नाकारली, बाणेदार पोरगी. तसं काही झालं नाही. मी जागेवर जाऊन बसले आणि सही करायच्या बटणाकडे पाहत राहिले. सही केली तर खोट्या आकड्यावर एक खरी शाळा चालणार होती. न केली तर खऱ्या आकड्यावर ती बंद पडणार होती. आणि खऱ्या आकड्याने मुलांचे कान वाचणार होते का, तर कदाचित हो. घरी बसलेल्या मुलाला यंत्र ऐकू येत नाही, पण आईची नोकरी गेली तर त्याचं काय काय जातं, ते कुठल्या मीटरवर दिसतं? एकदा वाटे करावी सही, एकदा वाटे छे. कार्यालय रिकामं होईपर्यंत मी तशीच बसले आणि मग सगळ्यांसारखी घरी गेले. लाल चौकोनाला संध्याकाळपर्यंत मालकाचं उत्तर आलं नाही तर पुढची पायरी आपोआप घेतली जाते, हे मला माहीत होतं. पण आपोआप म्हणजे कोणीतरी मध्ये थांबवेल, असं का कोण जाणे मी धरून चालले होते. साहेबांना वाटलं मॅडम थांबवतील. मॅडमना वाटलं मी सही केली असेल.

जागा रिकामी करण्याची सूचना वहिनीच्या फोनवर आली तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. तिने ती वाचली, फोन पालथा ठेवला आणि सगळ्यांना वाढलं. मलाही. तिने भांडी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी फाटकाच्या रखवालदाराचा फोन आला. तुमचे पाहुणे आलेत, म्हणाला, न्यायला या. मी विचारलं, कोण? तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच येऊन बघा.

फाटकाशी वहिनी उभी होती आणि तिच्यामागे एकमेकांचे सदरे धरून अख्खी बालवाडी. आया मुलांना सोडून कामाला आत गेल्या होत्या, आणि मागच्या इमारतीला कंपनीचं कुलूप होतं. मुलांना घेऊन वहिनी सरळ मोठ्या फाटकावर आली होती. रखवालदाराकडे मुलांसाठी नियम नव्हता. आत येणाऱ्या माणसाचे त्याला तीनच प्रकार माहीत होते, कामगार, माल आणणारा आणि पाहुणा. मुलं पहिल्या दोन्हींत बसेनात, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात त्याने पाहुण्याचं कार्ड अडकवलं होतं. कार्डावर कोणाला भेटायचंय हे लिहावं लागतं. तिथे वहिनीने सगळीकडे माझं नाव लिहून दिलं होतं.

“तुम्ही बाहेर काढलंत ना, वन्सं,” ती म्हणाली. “आता तुम्ही सांभाळा.”

“वहिनी, मी सही केली नाही, पण म्हणजे मी ठरवून...”

“ते मला सांगू नका. यांना भूक लागली की कुठे जायचं, ते सांगा.”

रखवालदाराने सही घ्यायला पाटी पुढे केली. पाहुणा फाटकावर ताटकळत ठेवायचा नाही, हासुद्धा नियम होता. मी सह्या करत गेले. एकेका मुलाचं नाव वाचून, एकेक.

पाहुण्यांना बसवायची जागा म्हणजे वरच्या मजल्यावरचा ट्रेनिंग हॉल. जाड गालिचा, फिरत्या खुर्च्या, दुहेरी काचांच्या खिडक्या. प्रेस शॉप तिथून ऐकूच येत नाही. मुलं आत शिरली, आणि ती जशी रोज बोलतात तशीच बोलायला लागली. भिंतीपलीकडे यंत्र नव्हतं, मुलांना त्याची कल्पना नव्हती. एकाने दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन खुर्ची मागितली तेव्हा मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली.

कंट्रोल मॅडम सगळ्यात आधी आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी गळ्यातली कार्डं पाहिली, एक कार्ड उचलून वाचलं, माझं नाव पाहिलं, सही पाहिली. चूक कुठेच नव्हती. त्या काहीतरी विचारणार होत्या, पण एका मुलाने त्यांना फिरती खुर्ची ढकलायला सांगितलं, आणि त्यांनी ती ढकलली. मग मोठे साहेब आले. त्यांना चहाच्या वेळेची मुलंच ठाऊक होती, ही कुठली आणखी मुलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. शेवटी ते मला म्हणाले की अहवालात लिहा, मुलांना सुरक्षित जागी हलवलं. वाक्य चांगलं आहे आणि खरंही आहे.

मी विचारलं, “किती दिवसांसाठी, सर?”

“अहवाल छापून तर येऊ दे.”

“आणि नंतर?”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, पाहुणे किती दिवस पाहुणे राहू शकतात याबद्दल काही लिहिलेलं नाही. म्हणजे राहू शकतात की राहू शकत नाहीत, ते मला कळलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही.

दुपारी मुलं थोडी निवळली. वहिनी गालिच्यावर बसून कागद वाटत होती. तिचा आवाज बसला होता, कारण एवढ्या शांततेतही ती ओरडतच होती. मी जायला निघाले तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “किडोबा, त्या खिडकीतल्या पोरीला सांग जरा, हळू बोल म्हणावं. पलीकडे साहेबांची मीटिंग आहे.”

ती मला किडोबा म्हणाली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

खिडकीत पाठमोरी बसून एक मुलगी चित्र रंगवत होती आणि स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत होती. मी तिच्या मागे दोन पावलांवर थांबले आणि साध्या आवाजात तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्याने. ती रंगवत राहिली.

चित्रात रमलेली मुलं हाकेला ओ देत नाहीत. मीही देत नसे, आई अजून सांगते. दोन हाकांवरून काहीच ठरत नाही. नीट बघायचं तर कान तपासणाऱ्याकडे न्यायला हवं, प्रत्येकाला, आणि तुलनेला दुसरी मुलं हवीत. मी हे मनात मांडत असताना वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“काय झालं?” तिने विचारलं.

“हाक मारली. वळली नाही.”

“ऐकू नाही आलं, की लक्ष नाही?”

“कळत नाही,” मी म्हटलं.

तिसरी हाक मारायला आम्हा दोघींपैकी कोणीच तोंड उघडलं नाही. मुलीने निळा खडू खाली ठेवला, डबीतले खडू चाळले आणि त्यातला पिवळा उचलला.